हुकूम कोणाचा, ओझें कोणाचें?

रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगडापासून राजापुरापर्यंत कोणत्याही वाडींत जा. मराठ्याच्या पडवींत, बौद्धवाडींतल्या ओटीवर, भंडाऱ्याच्या माजघरांत कोठें ना कोठें एक तसबीर टांगलेली सांपडते. तसबिरींतला माणूस वर्दींतला असतो, मिशी पिळलेली असते, छातीवर एकदोन बिल्ले असतात. तो कोण म्हणून विचारा. आजा शिपाई होता, चुलता नाईक होता, पणजा हवालदार होता; फारच मोठें घर असलें तर सुभेदार होता. त्यावर आमची तसबीर सहसा चढत नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षें लोटलीं, मातीच्या भिंती चिऱ्याच्या झाल्या, कौलें जाऊन स्लॅब आला, पण तसबिरींतला हुद्दा होता तेथेंच आहे. असें कां, हें आज आम्ही विचारणार आहों. आणि केवळ सरकारला नव्हे, वाचकहो, तुम्हांलाही विचारणार आहों.

गणपतीच्या दिवसांत आरती आटोपल्यावर आम्हीं चारचौघांत एक गोष्ट काढली. म्हटलें, पस्तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, सोसायटीचा सेक्रेटरी किंवा आगारांतला हिशेबनीस, हा आपली नोकरी न सोडतां लष्कराचा अधिकारी होऊं शकतो. ऐकणारे हंसले. एक वडीलधारे म्हणाले, "अहो, चाळिशींत गुडघे धरले, आतां कसली पलटण!" पलटण म्हणजे अठराव्या वर्षीं पहांटे उठून धांवणें, छाती मोजून घेणें, आणि नांव लागलें नाहीं तर मुंबईचा रस्ता धरणें, एवढीच आमची समजूत. ही समजूत आमची आम्ही केलेली नाहीं, ती आमच्यावर बसविलेली आहे. पण ती उतरवून ठेवण्याचें काम आमचें आहे.

कायदा काय सांगतो तें ऐका. १९४८ सालीं प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें या सेनेचा आरंभ झाला. लोक तिला टेरिटोरियल आर्मी म्हणतात. आपापला धंदा-नोकरी करणाऱ्या नागरिकानें वर्षांतून कांहीं काळ वर्दी चढवावी, शिकावें, आणि देशाला गरज पडेल तेव्हां हजर व्हावें, अशी ही योजना. अधिकारी होण्यास वय १८ ते ४२, कोणत्याही शाखेची पदवी, आणि स्वतःची कमाई, एवढ्या अटी. कमाई नोकरीचीच पाहिजे असें नाहीं; स्वतःचा धंदा असला तरी चालतो. निवड झाली कीं माणूस लेफ्टनंट होतो. वर्षांतून सुमारें दोन महिने शिक्षणाला जावें लागतें, आणि जितके दिवस वर्दींत तितके दिवस कायम फौजेंतल्या अधिकाऱ्याइतकाच पगार मिळतो. आमच्या जवळच कोल्हापुरास या सेनेची मराठा पलटण आहे, पुण्यास आहे. तेथें शिपायांची भरती निघाली कीं आमचीं पोरें एस.टी. भरभरून जातात. अधिकाऱ्यांचा अर्ज निघतो तेव्हां मात्र आमच्या वाडीला त्याचा पत्ता नसतो.

कोणी म्हणेल, अधिकारी होऊन आम्हीं करावें काय? बंदूक तर आम्हांला धरतां येत नाहीं. बंधूंनो, फौज बंदुकीवर चालत नाहीं. ती रसदीवर चालते. हजार माणसांना दोन वेळ भाकरी, पाणी, बूट, गोळी, औषध, गाडीला तेल हें सर्व ठरल्या जागीं ठरल्या वेळीं पोंचविणें, यालाच लष्करांत मोठें खातें आहे. कामठीस प्रादेशिक सेनेची ४१४ नंबरची पुरवठा पलटण आहे, तींत तेल कंपनीचीं माणसें भरलेलीं असतात. रोज पेट्रोल-डिझेलचा हिशेब करणारा मनुष्य तेंच काम प्रसंगीं वर्दी घालून करतो. म्हणजे सरकारला कळतें, कीं हें काम विशीच्या पोरापेक्षां संसारांत मुरलेल्या माणसाला अधिक येतें.

आतां आमच्याकडे पाहा. एप्रिल-मे महिन्यांत हापूसची पेटी झाडावरून उतरून वाशीच्या बाजारांत जाते, तेव्हां किती जणांचें डोकें त्यांत चालतें? फळ किती पिकलें, गवत किती घालावें, ट्रक किती वाजतां सुटावा, घाट कोणता धरावा, एक दिवस चुकला तर माल कुजतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फ, डिझेल आणि जाळें वेळेवर बोटीवर चढविणारी माणसें कोण आहेत? गणपतीला मुंबईहून लाखों चाकरमानी येतात, त्यांच्या जादा एस.टी. गाड्यांचें वेळापत्रक लावणारा, रेशन दुकानाचा कोठा सांभाळणारा, सुताराच्या कारखान्यांत लांकूड मोजणारा, हे सर्व रसदीचे पंडितच आहेत. फक्त त्यांच्या पंडितीला कोणी पगडी घातलेली नाहीं.

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें. सैन्य आलें, नौदल आलें, त्यांनीं माणसें काढलीं, त्यांचे उपकार आहेत. पण पाणी उतरल्यावर मदतीच्या गाड्या आल्या तेव्हां आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, कीं एका नाक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर, आणि दोन आळ्या पलीकडे लहान मुलांना घोटभर पाणी नाहीं. तें निस्तरलें कोणीं? एका किराणा दुकानदारानें आणि एका ट्रक ड्रायव्हरनें. दुकानदारानें वहींत आळीवार घरें लिहिलीं, ड्रायव्हरनें कोणता रस्ता गाळानें बंद तें सांगितलें, आणि संध्याकाळपर्यंत माल वांटला गेला. या दोघांना त्या दिवशीं हुकूम देण्याचा अधिकार कोणीं दिला नव्हता. त्यांनीं तो घेतला.

रसद चुकली म्हणजे काय होतें, हें आमच्या घरांनीं फार महाग शिकलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, इंग्रजांनीं सहावी पुणें डिव्हिजन पाठविली. तींत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. देशावरचीं आणि कोंकणांतलीं शेतकऱ्यांचीं पोरें तींत होतीं. बगदाद घेण्याच्या हांवेनें ही फौज टायग्रिस नदीवर इतकी पुढें रेटली, कीं मागून धान्य आणावयास नदींत पुरेशा बोटी नव्हत्या, जखमी आणावयास तर त्याहून नव्हत्या. मागें हटतां हटतां ती कूत-अल्-अमारा गांवांत ७ डिसेंबर १९१५ पासून कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. अखेरीस घोडे-खेचरें कापून खाण्याची पाळी आली. आमच्या शिपायांनीं कित्येक आठवडे तें मांस तोंडांत घेतलें नाहीं आणि ते भुकेनें व रक्तपितीनें खंगले. विमानांतून पिठाचीं पोतीं टाकलीं, जातीं टाकलीं. हजारों तोंडांना तें कोठें पुरणार? २४ एप्रिल १९१६ च्या रात्रीं जुलनार नांवाची आगबोट २७० टन सामान घेऊन वेढ्यांत शिरूं पाहत होती, ती नदींत आडव्या लावलेल्या तारांत अडकून तुर्कांच्या हातीं पडली. २९ एप्रिलला फौज शरण गेली. पुढें कैदेंत वाळवंटांतून चालवितां चालवितां किती मेले, तें ज्यांच्या घरीं तार आली त्यांनाच ठाऊक.

मग चौकशी बसली. १९१७ सालीं अहवाल आला, दोष वरच्या अधिकाऱ्यांचा आणि हिंदुस्थान सरकारच्या कंजूषपणाचा ठरला, विलायतेंत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. त्यांनीं राजीनामा दिला, आमच्यांनीं प्राण दिले. बोटी किती लागतील याचा हिशेब ज्या टेबलावर झाला, त्या टेबलाशीं दाभोळ-जयगडच्या खाडीवर जन्म काढलेला एकही मनुष्य बसलेला नव्हता. बसवितही नसत. आमच्यापैकीं कोणी गलबतें हांकलीं, कोणी पोतीं उचललीं, कोणी खंदक खणले. पण मोजदाद आणि हुकूम आमच्याकडे नव्हता.

इंग्रजानें हें ठरवूनच केलें होतें. मंडणगड तालुक्यांतल्या आंबडवें गांवचे रामजी सकपाळ विद्येच्या बळावर लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले, सुभेदार झाले. पण काल बोटींतून उतरलेला गोरा पोरगाही हुद्द्यानें त्यांच्या वरच. पुढें १८९२ च्या सुमारास तर महारांची भरतीच बंद केली. महाडाजवळच्या रावढूळचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनीं दापोलीच्या अनार्य दोषपरिहारक मंडळीतर्फें १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला. ज्या दापोलीला लोक अजून कॅम्प म्हणतात, जेथें पेन्शनर शिपायांची वस्ती होती, तेथेंच ही विनवणी लिहिली गेली. १९२० सालीं राखीव फौजेचे दोन कायदे झाले तेही पाहण्यासारखे: युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांसाठीं एक दल, आणि आमच्यासाठीं दुसरें. राखीव फौजेंतसुद्धां पंगती दोन!

त्या पंगती १९४८ च्या कायद्यानें उठल्या. मग आज काय अडतें? सांगतों.

पहिली गोष्ट, या सेनेचें नांव निघालें कीं लोकांना धोनी आठवतो. क्रिकेटच्या खेळाडूला २०११ सालीं लेफ्टनंट कर्नलचा मानाचा हुद्दा दिला; त्याबद्दल आमची तक्रार नाहीं, तो खेळाडू गुणी आहे आणि पुढें हौसेनें शिक्षणही घेऊन आला. सचिन पायलट, अनुराग ठाकूर हे पुढारी परीक्षा-मुलाखत देऊन अधिकारी झाले. पण वर्तमानपत्रांत फक्त हींच चित्रें छापलीं म्हणजे गरिबाला वाटतें, कीं हा मोठ्या लोकांचा सोहळा आहे. तो सोहळा नव्हे. मे १९२५ नव्हे, मे २०२५ मध्यें, परवांच, सरकारनें हुकूम काढून सेनाप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलाविण्याचा अधिकार दिला आणि ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ पलटणी कामाला लावण्याची मुभा दिली. घरदार सोडून जावें लागतें तें असें.

दुसरी गोष्ट, जागा. २०२५ सालच्या जाहिरातींत सबंध देशासाठीं १९ जागा होत्या. १८ पुरुषांच्या आणि एक स्त्रियांची. १९! एवढ्या मोठ्या देशांत एका एस.टी. गाडीचीं अर्धीं बाकडींसुद्धां भरूं नयेत! स्त्रियांना या सेनेचें दार मोकळें करावें असा निकाल दिल्ली हायकोर्टानें जानेवारी २०१८ मध्यें दिला, आणि दार उघडून आंत एक पाट मांडला.

तिसरी गोष्ट, परीक्षा. तर्क, गणित, सामान्यज्ञान यांबद्दल आमचें म्हणणें नाहीं. तीं आलींच पाहिजेत. पण इंग्रजीचा एक भाग आहे, मराठीचा नांवाला नाहीं. जो मनुष्य वीस वर्षें मराठींत हिशेब लिहितो, शंभर गड्यांना मराठींत कामाला लावतो, त्याची अक्कल इंग्रजीच्या गाळणींतून गाळून घेण्याचें कारण काय? कोणी म्हणेल, फौजेंत सगळ्या मुलखांची माणसें, एक भाषा पाहिजेच. मान्य. ती शिकवा. निवडल्यावर शिकवा.

चौथी गोष्ट कोणी बोलत नाहीं, म्हणून आम्ही मुद्दाम बोलतों. या कायद्यांत असें आहे, कीं नोकरींतला मनुष्य सेनेंत बोलावला गेला तर मालकानें परत आल्यावर त्याला कामावर घेतलें पाहिजे. उत्तम. पण सुताराचें काय? त्याचा मालक तोच. लोहार, कुंभार, शिंपी, आंबेवाला, होडीवाला यांनीं दोन महिने भाता बंद ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या गांवीं जाईल, आणि तें परत आणून देण्याचें कलम कोणत्या कायद्यांत आहे? वर पेन्शनची हमी नाहीं. पगार वर्दींतल्या दिवसांचाच. म्हणजे ज्याच्या पाठीशीं कंपनी आहे त्याला देशसेवा सोपी, आणि ज्याच्या पाठीशीं फक्त त्याचे दोन हात आहेत त्याला ती घाट्याची.

आमचें मागणें स्पष्ट आहे. तेल कंपनीच्या माणसांची पलटण होते, रेल्वेच्या माणसांची होते, तर महाराष्ट्राच्या एस.टी.ची कां नाहीं? पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला सुटली. म्हणजे प्रादेशिक सेनेचा कायदा आणि एस.टी. एकाच वर्षाचीं भावंडें. वळणावळणाच्या आंबा घाटांतून भर पावसांत गाडी काढणारे ड्रायव्हर, रात्रीं तीन वाजतां गिअर दुरुस्त करणारे मिस्त्री, आगार चालविणारे आमचे शिकलेले भाऊ यांच्याहून चांगली पुरवठा पलटण कोठें मिळेल? आणि कारागिरांसाठीं, त्यांच्या बंद राहिलेल्या दुकानाचा मोबदला द्या. मोबदल्यावांचून हें दार फक्त पगारदारांसाठीं उघडें राहील.

सरकारकडे मागून झालें, आतां घरांतलें बोलूं. ज्या घरांत मुलगा बी.कॉम. होऊन आगारांत लागला, त्या घरांत आई म्हणते, मिळालें तें सांभाळ. तिचें चुकत नाहीं. तिनें मनिऑर्डरीवर संसार केलेला आहे. पण त्याच घरांतला धाकटा शिपायाच्या भरतीला गेला तर तीच आई नारळ फोडते. शिपाई होणें आमच्या हाडांत आहे आणि अधिकारी होणें आम्हांला उद्धटपणा वाटतो, हें कोठून आलें? तुम्ही आमच्या पोरांना मरणाच्या दारीं पाठवितां, असें जे आम्हांला लिहितील त्यांना आमचें उत्तर आहे, कीं आमचीं पोरें तेथें आधींच आहेत. त्यांच्या मागून येणारी शिधागाडी कोण हांकतो, एवढाच प्रश्न आहे.

ज्यांना मन होईल त्यांनीं वय ४२ च्या आंत आहे तें पाहावें, पदवीचा कागद, जन्माचा दाखला आणि कमाईचा दाखला जवळ करून ठेवावा. धंदेवाल्यांनीं प्रतिज्ञापत्राची तयारी ठेवावी. २०२५ च्या वेळीं फी ५०० रुपये होती. आधीं लेखी, मग मुलाखत, मग निवड मंडळाची कित्येक दिवसांची कसोटी, शेवटीं वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो. जाहिरात इंग्रजींत निघते, तिच्यावर नजर ठेवण्याचें काम वाडींतल्या एका शिकलेल्या मुलीकडे द्यावें, मुलगे विसरतात. आणि ज्यांनीं आजवर हा अर्ज भरला असेल, पास होवोत वा नापास, त्यांनीं कोठें अडलें तें आम्हांस सविस्तर लिहून पाठवावें. नांव छापूं नये असें कळविल्यास छापणार नाहीं.