द्राक्षारस पिऊन कोणी झिंगत नाही

मराठी बायबलात नोहा झिंगतो तो द्राक्षारस पिऊन. काना गावच्या लग्नात पाण्याचा होतो तोही द्राक्षारसच. अनुवाद करणाऱ्याला हा शब्द खटकायला हवा. रसाची वाइन होताना जे घडते ते आंबणेच या शब्दाने गाळून टाकले आहे. भाषेने पाळलेले हे सोवळे कायदाही पाळतो, पण फक्त घरापुरते.

घरी पहिल्यांदा वाइन घालणाऱ्यापुढे हे आंबणे उघड उभे राहते. पिकलेली काळी द्राक्षे देठ काढून हाताने चुरडायची, साली-बियांसकट बरणीत भरायची. यीस्ट विकतचे घाला किंवा सालीवरच्यावर सोडा, काही दिवसांत रस फसफसतो. वर आलेला सालींचा थर रोज दोनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. फसफस चालू असताना झाकण घट्ट लावले तर बरणी फुटू शकते. ती थांबल्यावर उघडी राहिली तर व्हिनेगर होते. लिटरभर रसात 200 ग्रॅम साखर असेल तर मद्यार्क 12 टक्क्यांच्या जवळ जातो. ज्या घरात इडलीचे पीठ आंबते, त्याला यात परके काय आहे?

तरीही महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे करणे गुन्हा आहे. याच राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून वाइनच्या कारखान्यांना सवलती दिल्या. औषधाच्या दुकानात द्राक्षासव मिळते. त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. म्हणजे कारखान्यात आंबले की उद्योग, आसव म्हटले की औषध आणि स्वयंपाकघरात आंबले की गुन्हा. केरळात नाताळसाठी ख्रिस्ती घरांतून भरणीत वाइन मुरते, तीही तिथल्या अबकारी कायद्याच्या नजर चुकवूनच.

दारूने संसार मोडतात, हे खरे आहे. गावोगावच्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण त्यांची लढाई दुकानाशी आणि भट्टीशी होती. बरणीत ना ऊर्ध्वपातन आहे, ना विक्री.

अमेरिकेने 1920 साली देशभर दारूबंदी लागू केली, तेव्हाही घरी 'फळांचा रस' करण्याची मुभा कायद्यात होती. त्या शब्दाआड घरोघरी वाइन झाली. आज तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर वाइन करता येते. विकता येत नाही.

आपल्याला इतकी नको. घरापुरते मोजके लिटर, विक्री नाही, भट्टी नाही, एवढी मुभा राज्याने उघडपणे द्यावी. आणि आपण अनुवादकांनी वाइनला वाइन म्हणावे. द्राक्षारस हा शब्द ताज्या रसासाठी राखून ठेवावा.