पडद्यावर न बुडालेली माणसे

'उमिझारू' म्हणजे समुद्री माकड. जपानच्या तटरक्षक दलातील पाणबुड्यांवरचा हा चित्रपट 2004 साली आला. शुहो सातो यांच्या चित्रकथेवरून तो बेतलेला. पुढे 2006, 2010 आणि 2012 साली त्याचे आणखी तीन भाग निघाले आणि त्या प्रत्येकाने सातशे कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला.

या कथेत परदेशी चेहरे का नाहीत, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: जपान एकजिनसी देश आहे, तिथे दुसरे कोण दाखवणार? आम्हांला प्रश्नही अपुरा वाटतो, आणि उत्तर तर साफ खोटे वाटते.

तटरक्षक दलात भरती व्हायला जपानी नागरिकत्व लागते. तेव्हा वाचवणाऱ्यांच्या रांगेत एखादा परका चेहरा उभा करा, असे आम्ही म्हणणार नाही. असल्या भरतीच्या प्रतिनिधित्वाला आम्ही आपल्याकडेच कंटाळलो आहोत. चित्रपटात एक भला रहीमचाचा घातला, त्याला शेवटी नायकासाठी मरायला लावले, की निर्माता सर्वधर्मसमभावाच्या ऋणातून मोकळा!

आमचा सवाल बुडणाऱ्यांचा आहे. 2006 च्या भागात कागोशिमाजवळ 'क्लोव्हर' नावाची फेरीबोट बुडते. बोटीवर 620 माणसे. कॅमेरा ज्यांच्यापाशी थांबतो त्यांत एक गरोदर विक्रेती आहे आणि आपल्या महागड्या मोटारीत जीव अडकलेला एक उर्मट धनिकही आहे. त्या उर्मट माणसालाही वाचवले पाहिजे, हे चित्रपट मनापासून सांगतो. ते आम्हांला मंजूर आहे. पण जपानभोवतालच्या समुद्रात खरोखर कोण असते? 1985 नंतर येन महागला, जपानी खलाशी मालकांना परवडेनासा झाला, आणि जपानी कंपन्यांच्या परदेशगामी बोटींवर बहुसंख्य खलाशी फिलिपिन्सचे आले. जपानचे तेल, कोळसा, गहू हीच माणसे वाहून आणतात. ती एकजिनसी देशाच्या हिशेबात कुठे बसतात?

सप्टेंबर 2020 मध्ये 'गल्फ लाइव्हस्टॉक 1' हे गुरे वाहणारे जहाज न्यूझीलंडहून चीनकडे जाताना जपानच्या अमामी बेटांजवळ वादळात सापडून बुडाले. 43 खलाशी, त्यांतले 39 फिलिपिनो. तटरक्षक दलाने दोघांना जिवंत काढले. तिसरा हाती लागला, पण दगावला. बाकीचे चाळीस गेले. वादळी समुद्रात उतरलेल्या त्या बचाव पथकाने कोणाचा पासपोर्ट तपासला नव्हता. म्हणजे ज्या दलाच्या सहकार्याने हे चित्रपट तयार झाले, ते दल चित्रपटापेक्षा उदार ठरले. लाज कोणी बाळगायची?

आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. बोट बुडाली की बातमीत जहाजाचे नाव येते, मालाचे वजन येते. खलाशी मात्र 'अन्य कर्मचारी' होतात. त्यामुळे पडद्यावर कोण बुडतो, हा आमच्या लेखी रंगसंगतीचा प्रश्न नाही.

बायकांचेही तेच. नायकाची कान्ना फॅशनच्या जगातली, स्वतः कमावती. पण संकट आले की तिचे काम एकच: किनाऱ्यावर उभे राहून वाट पाहणे. चौथ्या भागात पाणबुड्याची प्रेयसी विमानात हवाई सुंदरी आहे, म्हणजे निदान ती संकटाच्या आत तरी आहे. एवढ्यावर समाधान मानावे लागते!

'करमणुकीच्या चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला?' असे कोणी म्हणेल. पण अपेक्षा चित्रपटानेच जागी केली आहे. पहिल्या भागात प्रशिक्षक शिकाऊ पोरांना विचारतो: खोल पाण्यात तू आणि तुझा जोडीदार अडकलात, हवा एकालाच पुरेल एवढी आहे, काय करशील? सारी मालिका या प्रश्नावर उभी आहे. मग हा जोडीदार नेहमी आपल्याच भाषेत कसा बोलतो?

'उमिझारू'चा पाचवा भाग आता बहुधा निघायचा नाही. 2012 सालीच सातो आणि फुजी टीव्ही यांचे बिनसले आणि सातोंनी पुढची परवानगी नाकारली. पण अशा कथा दुसरे कोणी काढतीलच. त्यांनी एकदा कॅमेरा मालवाहू जहाजाच्या इंजिन-खोलीत उतरवावा, आणि टोकियोतल्या कान्नाबरोबर मनिलातल्या एखाद्या घरात फोनकडे बघत बसलेली बाईही दाखवावी.