एकट्याची वाट, पायथ्याची नोंद

आमच्या मुकुटबनाकडे, जिथे एका अंगाला सिमेंटच्या कारखान्याचे धुरांडे, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणीकडे धावणारे टिप्पर आणि मधल्या काळ्या जमिनीत कपाशी, अशी मुलखाची सध्याची व्यवस्था आहे, तिथे उंच पर्वताची कल्पना मनुष्यास सहजासहजी येत नाही. फार तर पैनगंगेपलीकडचा माहूरचा डोंगर रेणुकेच्या दर्शनापुरता चढलेला असतो. एकटेपणाची कल्पना मात्र आम्हांस चांगली आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी पौषातल्या थंडीत मचाणावर एकटाच बसतो, आणि टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ हद्दीचे कागद पाहून फिरत नाही हे पक्के ठाऊक असूनही बसतो. पण निघताना तो घरी सांगून निघतो, वाटेतल्या कोलामांच्या पोडावर हाक देऊन पुढे सरकतो, आणि शेजारच्या शिवारातल्या मचाणाशी रात्रीतून दोन-तीनदा हाकेची देवघेव करतो. एकटे जाणे आणि बेपत्ता होणे यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की पावसाळा आला म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून धबधबे, गड आणि घाटमाथे यांबाबत मनाईचे हुकूम निघतात, आणि त्यांच्या पाठोपाठ, एकट्याने डोंगर चढण्यास बंदीच का घालू नये, असा सवाल चांगली शहाणी माणसेही करू लागतात. सवालामागची काळजी खरी आहे. त्यातील निदान मला मान्य नाही. श्रावणातल्या एखाद्या रविवारी कळसूबाईच्या लोखंडी शिडीखाली उभे राहून पाहावे: वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच दांड्याला धरून खोळंबलेले, पायाखाली निसरडा कातळ, आणि मागून ढकलणाऱ्यास पुढे काय अडले आहे याची वार्ताही नाही. हा धोका एकट्याचा नव्हे, जमावाचा आहे.

नाशिक आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचे हे 1646 मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रातील सर्वोच्च, आणि ज्या देवतेचे नाव त्याने धारण केले आहे तिची कथा पाहिली, तर एकट्याने चढण्याची परंपरा तिथे किती जुनी आहे हे ध्यानी येते. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडण्याची तिला ओढ. पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी ती चाकरीस राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या करारावर. एके दिवशी पाहुणे आले, आणि घरातल्या कुणी तिला भांडी घासावयास सांगितले. तिने हुज्जत घातली नाही. भांडी घासली, आणि तडक डोंगराची वाट धरली ती पुन्हा खाली न उतरण्यासाठीच. जिथे तिने थाळ्या घासल्या ते ठिकाण थाळेमेळ म्हणून दाखविले जाते. कराराचा भंग झाल्यावर शिखराकडे निघून जाणाऱ्या या मुलीच्या डोंगरावर एकट्या माणसास मज्जाव करण्याची भाषा मला, खरे सांगावयाचे तर, किंचित हास्यास्पद वाटते.

मी गेलो तो मार्गशीर्षातल्या एका बुधवारी, राज्याचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला, बारी गावातून, पहाटे सहाला. सपाटीवर वाढलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच चढावर त्याची कैफियत मांडू लागतो. पुढे कारवीचे वाळके रान, मग कातळ, आणि मग त्या शिड्या. पहाटेच्या गारठ्याने लोखंडाच्या पायऱ्या अशा काही थंड झाल्या होत्या, आणि असंख्य पावलांनी मध्यभागी अशा गुळगुळीत झाल्या होत्या, की तळहाताने आधी चाचपल्याखेरीज पाऊल टाकण्याचा धीर होईना. सोबत कुणी असते तर मी बोलत चढलो असतो, आणि हे चाचपणे राहून गेले असते. एकट्याच्या वाटेचा लाभ तो हाच. शिखरावरच्या चिमुकल्या देवळापाशी वारा एवढा, की भाकर एका हाताने धरून खावी लागली. पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग यांची रांग उन्हात उघडी पडत होती आणि दक्षिणेस भंडारदऱ्याचे पाणी अजून धुक्यात होते.

परंतु एकट्याने चढण्याचा हक्क सांगणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. राइनहोल्ड मेसनर 20 ऑगस्ट 1980 रोजी प्राणवायूच्या नळकांड्यावाचून, एकट्याने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला, तेव्हाही खालच्या तळावर त्याची वाट पाहणारी एक सहचरी होती. आपल्याकडे कुणी हरवला की धावून जाणारी माणसे, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची असोत की महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरने हाक दिलेली असोत, आपला कामधंदा सोडून येणारे स्वयंसेवक असतात. आणि त्यांच्याही आधी डोंगरात शिरतो तो पायथ्याचा गावकरी. माणूस कोणत्या वाटेने गेला आणि केव्हा परतणार होता, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर प्रत्येक तासागणिक शोधाचे क्षेत्र वाढत जाते आणि एका घळीऐवजी दहा घळी धुंडाळाव्या लागतात.

कित्येक गडांच्या पायथ्याशी पावती फाडली जाते. तिच्यावर माणसांचा आकडा आणि रक्कम असते, परतीची वेळ नसते. 2021 साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा रोख मुख्यतः साहसी उपक्रम चालविणाऱ्यांच्या नोंदणीकडे आणि सुरक्षिततेकडे आहे, एकटा माणूस त्या चौकटीत बसत नाही. माझी तजवीज साधी आहे. बंदीचे फलक रंगविण्याऐवजी पायथ्याच्या गावी एक नोंदवही असावी, ती गावच्याच माणसाकडे असावी, त्याला तिचा रीतसर मोबदला मिळावा, आणि ठरल्या वेळेनंतर दोन तासांत माणूस न उतरल्यास पोलीसपाटलाकडे वर्दी जावी.

उतरताना, शेवटच्या टप्प्यावरच्या सुट्या मुरमावर माझा पाय मुरगळला. दुपट्टा घोट्याभोवती आवळून मी तासभर एका झाडाखाली बसलो. त्या वळणावर मोबाइलला रेंज नव्हती. अडीचच्या सुमारास खालून दहा-बारा वर्षांचा एक पोरगा आला आणि माझ्या टोपीकडे पाहून म्हणाला, "म्हातारीनं धाडलंय." पहाटे जिच्या टपरीवर मी चहा घेतला होता, तिने "एकलेच का?" असे विचारले होते, आणि एकपर्यंत उतरेन असे मी बोलून गेलो होतो. खाली पोचल्यावर मी तिचे आभार मानू लागलो, तो तिने हाताने मला थांबविले. सुटे नसल्याने पहाटेच्या चहाचे दहा रुपये द्यावयाचे राहिले होते. म्हणून माणूस ध्यानात राहिला, ती म्हणाली.