खेळण्याआधीच पहिला क्रमांक कशाला?

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. हे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, चेंडू हातात घेऊन खेळायचा धडकांचा खेळ. ऑस्टिन, कोलंबससारख्या विद्यापीठांच्या गावी त्यासाठी लाखावर प्रेक्षक मैदानात बसतात आणि तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांनाही त्याचे वेड लागते. पहिला सामना होण्याआधीच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशातल्या सर्वोत्तम पंचवीस संघांची क्रमवार यादी प्रसिद्ध करते. साठेक क्रीडा पत्रकारांच्या मतांवरून ती ठरते आणि 1950पासून ती हंगामापूर्वी निघत आली आहे. यंदाही ती ऑगस्टमध्ये येईल आणि कुणा एका विद्यापीठाच्या पोरांवर विजेतेपदाचे ओझे टाकून जाईल. ही प्रथा बंद व्हायला हवी. निदान पाच आठवड्यांचे सामने होईपर्यंत अशी यादी निघू नये, असे मला ठामपणे वाटते.

गेल्या हंगामाचेच पाहा. 2025मध्ये टेक्सास विद्यापीठाला इतिहासात प्रथमच हंगामापूर्वीचा पहिला क्रमांक मिळाला. त्यामागे आधीच्या सलग दोन हंगामांत गाठलेली उपांत्य फेरी होती आणि त्याहून अधिक होते ते आर्च मॅनिंग हे नाव. आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, असे तीन नामवंत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारे खेळाडू, ज्या घराण्यात झाले त्या घरातला हा मुलगा. पण क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून मैदानात उतरून त्याने तोवर फक्त दोन सामने खेळले होते. दोन सामन्यांच्या पुराव्यावर कोणत्याही खेळात कोणाला अव्वल ठरवले जात नाही. इथे मात्र आडनावाने ती उणीव भरून काढली. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या ओहायो स्टेटने टेक्सासला 14-7 असे हरवले. 4 ऑक्टोबरला फ्लोरिडाने हरवले आणि टेक्सास पंचविसांतूनही बाहेर पडला. त्याच दिवशी ऑगस्टच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला पेन स्टेट, तोपर्यंतचे चारही सामने गमावलेल्या यूसीएलएकडून 42-37 असा हरला. आठवड्याभरात आणखी एक पराभव झाला आणि प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाकण्यात आले. अवघ्या काही महिन्यांपूर्वी त्यांनीच संघाला उपांत्य फेरीत नेले होते. करारानुसार त्यांना देणे लागणारी रक्कम पाच कोटी डॉलरच्या घरात होती. आणि विजेता कोण झाला? इंडियाना. दोन वर्षांपूर्वी बारापैकी तीनच सामने जिंकलेला, ऑगस्टच्या यादीत विसावा असलेला संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून गेला.

हे एका वर्षाचे नवल म्हणून सोडून देता येत नाही. 2000 ते 2025 या सव्वीस हंगामांत ऑगस्टमध्ये पहिला असलेला संघ शेवटी विजेता ठरला तो केवळ दोनदा: 2004मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि 2017मध्ये अलाबामा. त्याच सदर्न कॅलिफोर्नियाने 2012चा हंगाम पहिल्या क्रमांकावरून सुरू केला आणि सात विजय, सहा पराभव अशा हिशेबाने संपवला. शिवाय अंदाज बांधणे आता पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड झाले आहे. 2021पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळवता येतात. विद्यापीठ बदलले तर वर्षभर बाहेर बसण्याचे बंधनही उरलेले नाही. 2025पासून विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. त्यामुळे संघ दर वर्षी मोडतो आणि नव्याने बांधला जातो. इंडियानाला अजिंक्य ठेवणारा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा आदल्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळत होता. ऑगस्टमध्ये मत देणारा पत्रकार खरे तर गेल्या वर्षीच्या संघाला मत देतो, आणि तो संघ आता अस्तित्वातच नसतो.

यावर सांगितले जाते की, पहिला क्रमांक चुकला तरी यादी ढोबळमानाने बरोबर असते. वरचे बरेचसे संघ शेवटीही वरच्या भागातच सापडतात. ते खरे आहे. पण अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट चांगले खेळतील हे सांगायला साठ जाणकारांची गरज नाही; ज्यांच्याकडे पैसा आणि भरतीची ताकद आहे ते वर असणारच. यादीचा खरा प्रश्न तिच्या चिकटपणाचा आहे. टेक्सास पहिला सामना हरला तरी घसरला तो फक्त सातव्या क्रमांकापर्यंत. एकही मोठा विजय गाठीशी नसलेला संघ देशात सातवा ठरला, कारण ऑगस्टमध्ये तो पहिला होता. विसाव्या क्रमांकावरून निघालेल्याला मात्र प्रत्येक पायरी जिंकूनच चढावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाडू आता लाखो डॉलर घेतात, मग अपेक्षांचे ओझे त्यांनी का वाहू नये? टीका त्यांनी सोसावी, हे मला मान्य आहे. वाईट खेळले तर वाईट खेळले असे लिहिलेच पाहिजे. पण त्यांना पैसे खेळण्याचे मिळतात, इतरांचे भाकीत खरे करून दाखवण्याचे नव्हे. शिवाय या अपेक्षांवर आता उघड सट्टा लागतो. 2018च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत क्रीडासट्टा कायदेशीर झाला आणि पैसे बुडालेली माणसे वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना शिव्या आणि धमक्या पाठवू लागली. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवर पैजा लावण्यास बंदी घाला, अशी मागणी या खेळांची नियामक संस्था एनसीएएच 2024पासून राज्यांकडे करते आहे. अशा वातावरणात पुराव्याविना अपेक्षा फुगवणे हा निरुपद्रवी विरंगुळा राहत नाही.

यादी नसेल तर उत्सुकता मरेल, ही भीती मला मुळीच पटत नाही. टेक्सास आणि ओक्लाहोमा दर ऑक्टोबरात डॅलसमध्ये भिडतात, ओहायो स्टेट आणि मिशिगन नोव्हेंबरच्या अखेरीस. या सामन्यांचे वैर कोणत्याही यादीहून जुने आहे आणि ते पाहायला लोक क्रमांक विचारून जात नाहीत. उलट यादीमुळे चांगला खेळही डोळ्यांआड होतो. टेक्सासने पुढे तोवर अपराजित असलेल्या टेक्सास ए अँड एमला 27-17 असे हरवले आणि दहा विजयांवर हंगाम संपवला. यादीबाहेरून सुरुवात केलेल्या संघाने हे केले असते तर त्याची वाहवा झाली असती. टेक्सासच्या वाट्याला निराशेचे लेख आले. बाद फेरीचे संघ निवडणारी समिती आपली पहिली क्रमवारी नोव्हेंबरमध्ये काढते, कारण तोवर तिच्यापुढे दोन महिन्यांचा खेळ असतो. पत्रकारांना तितके थांबायचे नसेल तर त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात यादी काढावी. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि ऑगस्टमध्ये लिहायला सरावाच्या, दुखापतींच्या आणि नव्याने आलेल्या खेळाडूंच्या बातम्या पुष्कळ असतात.