बावन्न पुस्तकांचा संकल्प कोणासाठी?

नवे वर्ष १ जानेवारीला येवो, गुढीपाडव्याला येवो की मोहरमच्या पहिल्या चंद्रासोबत येवो. सुशिक्षित घरांत हल्ली एक संकल्प हमखास ऐकू येतो. यंदा इतकी पुस्तके वाचायची! इतकी म्हणजे बहुधा ५२, आठवड्याला एक. 'गुडरीड्स'ने २०११ मध्ये वार्षिक वाचन-आव्हान सुरू केले. पुढे पुस्तकांचा आकडा जाहीर करणे आणि डिसेंबरअखेर त्याचा हिशेब मांडणे याला प्रतिष्ठाच आली. कोणी वाचायचे ठरवीत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करतो. आमचे भांडण आहे ते मोजमापाशी.

आकडा काय करतो ते पाहा. गणतीत ताराबाई शिंदे यांचे १८८२ सालचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक एक आणि मराठी विश्वकोशाचा जाडजूड खंडही एकच. मग नोव्हेंबर उजाडतो, आकडा मागे पडलेला असतो आणि हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जातो. 'स्मृतिचित्रे' कपाटातच राहते, कारण लक्ष्मीबाई टिळकांसोबत निवांत महिना काढायचा तर तीन पुस्तकांचा खाडा पडतो. जे पुस्तक थांबायला लावते, वाद घालायला लावते, मागची दहा पाने पुन्हा उलटायला लावते, ते या हिशेबात तोट्याचे ठरते. चांगल्या पुस्तकाला तोट्यात टाकणाऱ्या पद्धतीला वाचनाची पद्धत कशी म्हणावी?

आणि हा आकडा परवडतो कोणाला? एका पुस्तकाला ३०० रुपये धरले तरी ५२ पुस्तकांचे १५,६०० रुपये होतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून घरी येणारा कामगार, रात्री भांडी आवरून कशीबशी वीस मिनिटे मिळवणारी आमची बहीण, यांना हा आकडा काय सांगतो? तुम्ही वाचक नाही, एवढेच. वर्षभरात एकच पुस्तक मन लावून वाचणाऱ्या बाईला वाचकांतून वगळणारी मोजपट्टी आम्हाला मान्य नाही.

नेम धरून वाचणे आपल्याकडे नवे आहे काय? कुरआन शरीफचे ३० पारे आहेत. रोज एक पारा वाचला की महिन्यात खतम होतो. आठवड्यात वाचून पुरे करू इच्छिणाऱ्यांसाठी ७ मंजिला आहेत. ज्ञानेश्वरीच्या १८ अध्यायांचे पारायण सप्ताहात होते. दोन्हीकडे शेवटचे पान आले की पुन्हा पहिले उघडायचे. तो नेम त्याच ग्रंथाकडे परत येण्याचा आहे. अर्थ न समजता नुसते शब्द उच्चारण्याचा दोष या परंपरेतही शिरला, हे आम्ही जाणतो आणि त्यावर बोट ठेवणारेही आपल्यातलेच होते. मग तोच दोष आधुनिकतेच्या नावाखाली पुन्हा घरात कशासाठी आणायचा?

आकड्याशिवाय शिस्त लागत नाही, असे काही मित्र म्हणतात. शिस्तच हवी असेल तर रोजची १० पाने ठरवा. वर्षाला ३,६५० पाने होतात, म्हणजे ३०० पानांची १२ पुस्तके. कोणी थांबून थांबून वाचील, त्याची सहाच होतील. त्याने काय बिघडते?

आम्हाला विचाराल तर संकल्प असे असावेत. एक पुस्तक दोनदा वाचावे, दुसऱ्यांदा हाती पेन्सिल घेऊन. एक पुस्तक अशा घराचे वाचावे, ज्याच्या उंबरठ्याच्या आत आपण कधी गेलेलो नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणाने दया पवारांचे 'बलुतं' वाचावे. ज्यांना मोहल्ला फक्त बातम्यांतून ठाऊक आहे त्यांनी हमीद दलवाईंची 'इंधन' वाचावी. आमच्या कितीतरी घरांत अम्मीला उर्दू वाचता येते, देवनागरी येत नाही. लेकरे मात्र मराठी शाळेत शिकतात. अशा घरात एक मराठी पुस्तक मोठ्याने वाचले जावे. ऐकणारीही वाचकच असते.

शेवटचा संकल्प वाचनालयाच्या सभासदत्वाचा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनाचे अनुदान घेणारी वाचनालये महाराष्ट्रात जागोजागी आहेत. तिथे जा, वर्गणी भरा, हव्या त्या पुस्तकाची मागणी नोंदवा. आपण मागणीच केली नाही, तर आमची पुस्तके तिथल्या फळीवर का नाहीत, ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

येत्या डिसेंबरात कोणी विचारले, "वर्षभरात किती वाचलीत?" तर आकडा सांगू नका. कोणत्या पुस्तकापाशी अडलात, काय पटले नाही आणि कोणाला वाचून दाखवलेत, ते सांगा.