शेजारघरचे पंचांग

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, २८ सप्टेंबरला. विसर्जनाची गर्दी ध्यानी घेऊन मुंबईतील मुस्लिम बांधवांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेली. पुढच्या दोन्ही वर्षी ईद विसर्जनाच्या आदल्या दिवशी येऊन ठेपली आणि पुन्हा तशीच तडजोड झाली. त्या दिवसांत अनेक सश्रद्ध घरांतून एक प्रश्न आमच्या कानी येई : आपला गणपती भाद्रपद सोडत नाही, मग यांची ईद दर वर्षी सरकते कशी? प्रश्न साधाच आहे. परंतु शतकानुशतके भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्याविषयी तो विचारावा लागतो, ही गोष्ट आम्हांस तितकी साधी वाटत नाही.

इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र आहे. त्याचे दिवस सुमारे ३५४, म्हणजे सौर वर्षाहून अकरा कमी. ही तूट आपण अधिक मास धरून भरून काढतो आणि म्हणून आपले सण ऋतूंना बांधलेले राहतात. इस्लामपूर्व अरबांतही महिने मागेपुढे करण्याची चाल होती. युद्धास वर्ज्य मानलेले चार पवित्र महिने सोयीनुसार हलविले जात. कुराणाने ही चाल निषिद्ध ठरविली आणि वर्षाचे महिने बाराच, असे सांगितले. त्यामुळे रमजानचे रोजे कधी वैशाखवणव्यात येतात, तर कधी पौषाच्या थंडीत. बत्तीस-तेहेतीस वर्षांत ते सर्व ऋतू फिरून येतात.

आपला महिना अमावास्या सरताच सुरू होतो. त्यांचा महिना चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर. साहजिकच त्यांची तारीख आपल्या तिथीच्या एक-दोन दिवस मागे राहते आणि त्यांची बारावी आपल्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते. रबीउल अव्वल हा महिना भाद्रपदाशी जुळला, की त्याची बारावी तारीख अनंत चतुर्दशीला येऊन भिडते, ती अशी. त्यांचा दिवसही सूर्यास्तापासून मोजला जातो, म्हणून गुरुवारची रात्र ही जुम्याची रात्र होय. (भाद्रपद चतुर्थीला आपण ज्या कोरीकडे पाहणे टाळतो, तिच्याच भावंडाची ईदेला गच्चीवर चढून वाट पाहिली जाते, हे गमतीचे खरे.)

ही बारावी तारीख हजरत महंमद पैगंबरांच्या जन्माची मानली जाते. शिया पंथीय सतरावी मानतात. पैगंबरांचे निधनही बाराव्यालाच झाले, अशी परंपरा असल्याने जुनी माणसे या दिवसाला ‘बारावफात’ म्हणत. त्यांचा जन्म सुमारे ५७० साली मक्केत कुरैश कुळात झाला. वडील अब्दुल्ला जन्मापूर्वीच वारले, सहाव्या वर्षी आई आमिना गेली. आजोबा व चुलते यांनी या पोरक्या मुलास वाढविले. पुढे ते व्यापारात पडले, खदीजा या व्यापारी स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. वयाच्या चाळिशीत, ६१० च्या सुमारास, हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, असे मुसलमान मानतात. अनेक देवतांची पूजा करणाऱ्या मक्केतील श्रेष्ठींना तो रुचला नाही. छळ वाढला, तेव्हा ६२२ मध्ये त्यांनी मदिनेस प्रयाण केले. हिजरी सन या प्रयाणाच्या वर्षापासून मोजतात. पैगंबरांच्या जन्मापासून किंवा विजयापासून कालगणना सुरू न करता घर सोडावे लागले त्या वर्षापासून ती सुरू केली, ही निवड आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. ती दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळातील. पैगंबर ६३० मध्ये मक्केस परतले आणि ६३२ मध्ये मदिनेस निवर्तले. वारसाविषयीच्या मतभेदातून सुन्नी आणि शिया हे पंथ झाले. ६८० साली करबला येथे नातू हुसेन यांचा वध झाला. मोहरमचा शोक त्यांचा.

कलमा, नमाज, रोजे, जकात आणि हज ही पाच कर्तव्ये. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरजूंस देणे. ते दान ऐच्छिक नाही, सधनावर बंधनकारक आहे. आमच्या वाचकांस सर्वांत अवघड वाटते ती मूर्तीची गोष्ट. अल्ला एक, अजन्मा, निराकार. त्यास भागीदार नाही. पैगंबरही मानव, पूजेचे अधिकारी नव्हेत. काबा ही नमाजाची दिशा आहे, उपास्य नव्हे. ‘सगळे धर्म एकच’ असे म्हणून हा भेद पुसून टाकणे आम्हांस पटत नाही. घरी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करणाऱ्याने तो भेद नीट जाणून घ्यावा, हेच अधिक प्रामाणिक होय. निर्गुणाचा विचार आपल्यालाही परका नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. आणि ज्यांची ‘गीताई’ आपण घरोघर वाचतो त्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे सार काढले.

हा धर्म आपल्याकडे केवळ तलवारीबरोबर आला, हा समजही अपुरा आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी हा अरब प्रवासी चौलास आला, तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यातील त्या बंदरात मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती सुखाने नांदत होती.

पुढे कटुताही आली. १८९३ साली मुंबईत दंगल झाली. त्यापूर्वी पुण्याच्या ताबुतांत हिंदू हौसेने सामील होत. १८९४ पासून बहुतेकांनी अंग काढून घेतले आणि सार्वजनिक गणेशोत्सव त्याच सुमारास वाढीस लागला. हे सांगणे उत्सवाच्या पानावर अनेकांस रुचणार नाही, परंतु ते घडलेले आहे. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी गावी मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ गणपती मशिदीत बसतो, आणि तेही घडलेलेच आहे.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने गणपती पुढे जातो, तर ईद नेहमीप्रमाणे मागे सरते. दोन्ही दिवसांची अशी गाठ पुन्हा पडावयास सुमारे तीस वर्षे लागतील. आज टाळ वाजविणारी मुले तेव्हा स्वतःच्या घरी गणपती बसवीत असतील, आणि मिरवणुकीची वेळ ठरविण्यास शेजाऱ्याकडे त्यांनाच जावे लागेल.