उतारा बँकेचा, वही आपली



डोंबिवलीतल्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा पाहा. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावी लागते, हिशेब मांडावा लागतो आणि सिंकिंग फंडाच्या शंभर रुपयांवरून सभासद सेक्रेटरीला धारेवर धरतात. बरोबरच आहे, पैसा त्यांचा आहे. त्याच डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात आपल्या कोरडवाहू गावांतली पोरे नोकरी करतात. तिथे तीही हिशेब मागतात. पण गावाकडे बापाच्या पीककर्जाच्या खात्यावर वर्षभरात काय काय नावे पडले, हे ना बापाला ठाऊक, ना पोराला!

बैठकीत आम्ही विचारतो, कर्ज किती? उत्तर येते, "बँकेत विचारावे लागेल." कर्ज आपले आणि आकडा दुसऱ्याच्या तोंडी. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा पेटला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा राग होता सावकाराकडच्या रोख्यांवर. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती, वर्षाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. एवढ्या जुन्या हक्काचे आपण काय केले? पासबुक पत्र्याच्या पेटीत ठेवले.

आज उतारा शाखेत मिळतो. नेट बँकिंग असेल तर तो फाईल म्हणूनही उतरवता येतो. प्रत्येक व्यवहाराची एक ओळ: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. पण हा अर्धाच हिशेब आहे. पैसा गेला एवढे बँक सांगते. तो बियाण्याला गेला, व्याजात गेला की विम्याच्या हप्त्यात, ही बाजू आपण लिहायची. लेजर, एचलेजर असे फुकट मिळणारे प्रोग्राम बँकेची फाईल साध्या अक्षरांतल्या दुहेरी नोंदीत आणायच्या कामी येतात. समजा, विम्याचे १,२०० रुपये कापले गेले. नोंद अशी होते:

२०२५-०७-२८ विमा हप्ता
  खर्च : पीकविमा १,२००
  देणे : पीककर्ज -१,२००

दोन्ही ओळींची बेरीज शून्य. न जुळली, तर चूक कुठेतरी आहेच. तपशिलात अमुक अक्षरे आली तर रक्कम अमुक खात्याला टाका, असे नियम एकदा लिहून ठेवायचे. एका बँकेच्या फाईलची ठेवण सहसा सारखी असते, म्हणून एका घराने लिहिलेले नियम थोड्या फेरफाराने सगळ्या गावाला चालतात.

दोन गोष्टी सांभाळा. बचत खात्यातून कर्जखात्यात भरलेला पैसा दोन्ही उताऱ्यांत दिसतो. तो एकदाच धरा. आणि मुद्दल फेडणे हा खर्च नव्हे, व्याज हा खर्च आहे.

आता खरी मेख. मार्चअखेरीला 'नवे-जुने' होते. बँकेचा उतारा सांगतो: लाख रुपये भरले, काही दिवसांत लाख उचलले, खाते नियमित. पण ते लाख रुपये ज्याच्याकडून आणले, त्या सावकाराचे व्याज बँकेच्या कोणत्या ओळीत आहे? कुठल्याच नाही! ती ओळ रोखीची म्हणून आपल्या हाताने लिहायची. ती लिहिली नाही तर सरकारदरबारी आपण सुखात आहोत!

लहान व अल्पभूधारक शेतकऱ्याच्या अल्पमुदत कर्जावर नावे टाकलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. वेळेवर फेड करणाऱ्याला ३ टक्के व्याज सवलतही आहे. ती तुमच्या खात्यावर जमा झाली का? वही नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

कोणी म्हणेल, मोबाईलवर हिशेबाची ॲप आहेत की! आहेत. पण ॲप कंपनीचे, उद्या बंद पडले तर वहीही गेली. साध्या अक्षरांतली फाईल कुठल्याही संगणकावर उघडते, इंटरनेटशिवाय चालते, छापून चावडीवर वाचता येते.

म्हणून आमचे सांगणे असे. या मार्चआधी बचत आणि कर्ज, दोन्ही खात्यांचे तीन वर्षांचे उतारे काढा. ठाणे-कल्याणच्या पोरापोरींकडे फक्त फाईल पाठवा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका, पोटच्या पोरालाही नाही. त्यांनी नियम लिहावेत, तुम्ही रोखीच्या ओळी सांगाव्यात. शेवटची शिल्लक बँकेच्या शिलकेशी रुपयाला रुपया जुळवा. नाही जुळली तर आधी आपल्या नोंदी तपासा, मग वही घेऊन शाखेत जा आणि लेखी उत्तर मागा. एकटे जाऊ नका, गाव घेऊन जा.

पुढच्या बैठकीत आम्ही पुन्हा विचारू, कर्ज किती? उत्तर तुमच्या वहीतून आले पाहिजे.